सहा पदरांची दोरी

१९७४ साल. दिवाळी होऊन दुसरा रविवार. सकाळचे दहा वाजले होते आणि मी जयसिंगपूरबाहेरच्या माळावर, राखेच्या ट्रॅकच्या कडेला, बेळगावच्या एका स्वाराच्या मनगटाला दोरी बांधत होते.

"अक्का, सुटणार नाही ना?" त्यानं विचारलं.

"हात निखळेल, दोरी सुटणार नाही."

मागं आमच्या क्लबचा मेकॅनिक इस्माईल मुजावर गाडीखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. तो तिथूनच म्हणाला, "हिच्या बापानं बांधलेली ताडपत्री ट्रक उलटला तरी ढळत नाही. तू आपला रस्ता बघ."

खरंच होतं ते. आमचं घर ताडपत्र्या शिवणाऱ्यांचं. सहाव्या गल्लीत पुढं दुकान, मागं आम्ही. ट्रकवाले, तंबाखूच्या वखारीवाले सगळे आप्पांकडं यायचे. आई लवकर गेली, तेव्हा दाभण माझ्या हातात आलं ते मी आठ वर्षांची असताना. बाविसाव्या वर्षी माझी बोटं पुरुषासारखी झाली होती. स्थळं परत जायची त्याचं ते एक कारण.

ट्रॅकवर मी गेले ते भूपालदादामुळं. माझा थोरला भाऊ. त्रिमूर्ती मोटर क्लबचा तो सगळ्यात चांगला स्वार होता. बहीण म्हणून सांगत नाही, तिकीट काढून आलेली माणसं सांगायची. ट्रॅक म्हणजे लांबट गोल, साखर कारखान्याच्या बॉयलरची राख पसरून रोलर फिरवलेला. चार मोटरसायकली, चार फेऱ्या, आणि वळायचं ते फक्त डावीकडं. गाड्यांचे ब्रेक काढून टाकलेले. वळणावर मागचं चाक घसरवत न्यायचं आणि डावा पाय राखेवर टेकवत तोल धरायचा. त्या पायातल्या बुटाला पत्र्याचा तळ असायचा, तो राखेवर घासताना पिवळ्या ठिणग्या उडायच्या.

राखेचा एक त्रास होता. तिचे कण केबलमध्ये शिरले की रेसची मूठ फिरवलेली तिथंच अडकायची. स्वार पडला तरी गाडी थांबायची नाही, मोकाट बैलासारखी माणसांत घुसायची. म्हणून दोरी. दोरीचं एक टोक स्वाराच्या उजव्या मनगटाला गाठ मारून बांधायचं, दुसऱ्या टोकाला तारेचा आकडा, तो हँडलवरच्या पिनेत अडकवायचा. स्वार पडला की हिसका बसून पिन निघते, पिन निघाली की इंजिन बंद. इस्माईलभाईनं हे मद्रासला शर्यतीत पाहिलं होतं. पिन त्यानं बसवली. दोरी मी केली, ताडपत्रीच्या मेणलेल्या दोऱ्याची, सहा पदरांची.

बांधायचं कामही माझ्याकडंच आलं, कारण स्वार एकमेकांच्या दोऱ्या बांधताना चेष्टा करायचे आणि ढिल्या बांधायचे. मी बांधायचे आणि बांधून झाल्यावर स्वाराचा हात धरून एकदा जोरात मागं ओढायचे. पिन खट्‌कन निघाली की ती परत बसवायची आणि मग त्याला सोडायचं. हा माझा नेम. ओढल्याशिवाय मी कुणाला सोडत नसे, आणि एकदा ओढल्यावर त्या दोरीला कुणी हात लावायचा नाही असा क्लबचा दंडक होता. बाहेरगावचे स्वारसुद्धा आपल्या माणसाला बाजूला करून माझ्यापुढं हात करायचे. कुणी राखी म्हणायचं, कुणी बेडी.

त्या रविवारी पुण्याच्या एका गाड्यांच्या कंपनीचे साहेब येणार होते. त्यांना एक स्वार हवा होता. नव्या गाड्या पळवून पाहायच्या, कंपनीच्या नावावर मद्रास-कलकत्त्याला शर्यती करायच्या, आणि हे सगळं कायमच्या नोकरीत. दादाला स्वतःची गाडी नव्हती. क्लबची जुनी गाडी तो तीन वर्षं पळवत होता, तीही अध्यक्षांच्या मर्जीनं. दिवसभर तो दुकानात ट्रकच्या हुडांना, म्हणजे वरच्या ताडपत्र्यांना, दोरी ओवायच्या रिंगा ठोकायचा. आदल्या दिवशी त्यानं मला विचारलं होतं, "शालन, मी पुण्याला गेलो तर आप्पांचं तू बघशील का?" मी म्हटलं, तू जा तर आधी.

अध्यक्ष म्हणजे कोगनोळे नाना. तंबाखूच्या चार वखारी, मोटरसायकलची एजन्सी, गळ्यात रुमाल. त्यांचा मुलगा जयकुमार हाही आमच्या संघात होता. वाईट स्वार नव्हता तो. पण वळणावर त्याला हात मागं ताणायची खोड होती, आणि त्या आठवड्यात सरावात दोनदा त्याची पिन निघाली. गाडी बंद पडली, दादा पुढं गेला. पहिल्या वेळी तो म्हणाला दोरी आखूड आहे. मी चार बोटं वाढवून दिली. दुसऱ्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाला, "भावाला जिंकवायला माझी दोरी आखडतेस होय गं?"

इस्माईलभाई हसला. "दोरी नाही, तुझा हात लांब आहे."

नाना हसले नाहीत.

शेवटची शर्यत अकरा वाजता लागली. आमच्याकडून दादा आणि जयकुमार, बेळगावचे दोघं. मी बेळगावच्या दोघांना बांधलं, ओढलं, पिना परत बसवल्या. मग दादाला. ओढताना तो नेहमीसारखा मुद्दाम ओरडला, "खांदा निघाला!" आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. सगळ्यात शेवटी जयकुमार. तो समोर बघत बसला होता. मी गाठ मारली, आकडा पिनेत अडकवला. तेवढ्यात नाना पुण्याच्या साहेबांना घेऊन तिथं आले.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"आमची शालन," नाना म्हणाले. "सगळ्या गावाच्या भावांना राखी बांधते. काय गं, झाली ना बांधून? आता ओवाळणीसाठी अडून बसू नकोस बाई, साहेबांना गाडी गाठायचीय."

सगळे हसले. साहेब, बेळगावचे दोघं, झेंडेवाला, कठड्याशी उभी असलेली माणसं. माझ्या मागं कुणीतरी शिट्टी मारली. मी उठले, साडीवरची राख झटकली आणि ट्रॅकबाहेर आले.

तिसऱ्या फेरीपर्यंत दादा पुढं होता. त्या दिवशी तो असा पळवत होता की कठड्यावर चढलेली माणसंही गप्प झाली होती. जयकुमार त्याच्या मागोमाग होता. तलावाकडच्या वळणावर त्यानं आतून घुसायचा प्रयत्न केला आणि त्याचं मागचं चाक निसटलं. तो पडला. मी पिन निघायची वाट पाहिली. सगळेच पाहत होते, ती सवय होती. माणूस पडतो, आवाज बंद होतो, मग आपण श्वास सोडतो.

आवाज बंद झाला नाही. गाडीनं जयकुमारला दहा-बारा फूट ओढत नेलं, मग तो सुटला आणि गाडी उठली. खरंच उठली, पुढचं चाक वर करून. आणि वळून बाहेर पडणाऱ्या दादाच्या गुडघ्यावर बसली.

मी धावले ती दादाकडं. तिथं इस्माईलभाई आधीच पोचला होता. दादाचा पाय मी पाहिला. त्याबद्दल मी पन्नास वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, इथंही लिहीत नाही. दादा शुद्धीवर होता. म्हणाला, "बघ गं, तो पोरगा जिवंत आहे का." म्हणून मी जयकुमारकडं गेले. तो बसलेला होता, रडत होता, त्याचं मनगट सुजून दोरी मांसात रुतली होती. मी कमरेची कात्री काढून दोरी कापली. गाठीच्या जागी नाही, मनगटाच्या मागून. कापलेली दोरी पिशवीत टाकली. का टाकली ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

दादाला मिरजेला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले चालेल, पण गुडघा वाकणार नाही.

चौथ्या दिवशी नाना आमच्या दुकानात आले. आप्पांनी पोत्यावरची ताडपत्री बाजूला सारून त्यांना बसायला दिलं. नानांनी टाइप केलेला कागद काढला. कंपनीनं अपघाताची हकिकत मागवली होती. कागदात लिहिलं होतं की शालन बापू मगदूम हिनं बांधलेली गाठ शर्यतीत सुटली, त्यामुळं इंजिन बंद झालं नाही. खाली माझ्या सहीची जागा.

आप्पांनी कागद वाचला, माझ्याकडं बघितलं नाही. नानांच्या चारही वखारींच्या ताडपत्र्या आमच्याकडं होत्या. आप्पा म्हणाले, पोरीच्या जातीला कोण शिक्षा करतंय, कर सही.

"दादाचा पाय माझ्या गाठीनं गेला, असं मी लिहून देऊ?"

"लिहायचं तर आहेच," नाना शांतपणे म्हणाले. "तू दिलंस तर सौम्य लिहू. नजरचूक म्हणू."

"आणि जयकुमार पुण्याला जाणार."

"भूपाल तर आता जाऊ शकत नाही. कुणीतरी गावातलं जायला नको का?"

मला असा राग आला की हातातलं दाभण मी पाटात रोवलं आणि ते मोडलं. सही केली नाही. आप्पा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत आणि पुढं आठ दिवस जेवणाच्या ताटावरही नाही.

रविवारी क्लबची सभा नानांच्या वखारीत भरली. सतरंजीवर पंधरा-वीस माणसं, बाई मी एकटी. तंबाखूच्या खकाण्यानं सारखं कुणीतरी शिंकत होतं. नानांनी थोडक्यात सांगितलं की गाठ सुटली, पोरीचं वय लहान, प्रकरण वाढवायचं नाही. मी उठले आणि पिशवीतून दोरी काढून त्यांच्यापुढं ठेवली.

"ही जयकुमारच्या मनगटावरची दोरी. कापलेली मी आहे, मागून. गाठ तशीच आहे. सुटली म्हणता ना? सोडवून दाखवा."

नानांनी हसत ती उचलली. नखांनी खेळून पाहिली. मग शेजाऱ्याकडं दिली. ती दोरी सतरंजीवरून हातोहात फिरली. एकानं दातांनी ओढून पाहिली. कुणाला सुटली नाही. कुणी हसत नव्हतं.

"आता आकडा बघा," मी म्हटलं. "वाकवलेला होता, सरळ झालाय. सुईसारखा. पिन निघाली असती तर आकडा कशाला सरळ झाला असता? पिन निघालीच नाही. ती कुणीतरी जखडून ठेवली होती. गाडी आणा, मी दाखवते."

मला वाटलं, झालं. संपलं. आता दादाचा पाय परत येणार नाही, पण खरं काय ते पुण्याला कळेल.

"गाडी खोलली," नाना म्हणाले. "काल. इंजिनात राख गेली होती. इस्माईल, गाडी तू उचललीस ट्रॅकवरून. पिन कशी होती?"

इस्माईलभाई खांबाला टेकून बसला होता. दादाचा तो लहानपणापासूनचा दोस्त. आमच्या घरी पर्युषणात आला की कांदा-लसूण खाऊन यायचा नाही, इतका आमच्यातला. मी त्याच्याकडं पाहिलं. तो हातातल्या टोपीकडं बघत म्हणाला, "पिन निघाली होती, नाना."

"मग?"

"मग... गाडी कशी चालू राहिली ते सांगता येत नाही. तार कुठंतरी जोडली गेली असेल."

"आणि आकडा?"

"आकडा कच्चा असेल."

"आकडा कोण वाकवतं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सभेनं एकमतानं ठरवलं की यापुढं ट्रॅकवर बाईमाणसाला येऊ द्यायचं नाही, आणि दोऱ्या सोलापूरहून तयार मागवायच्या. माझ्या सहीची गरज उरली नव्हती. सभेचं इतिवृत्त पुण्याला गेलं.

मी दोरी उचलून बाहेर पडले. इस्माईलभाई माझ्या मागं वखारीच्या दारापर्यंत आला. मी त्याला जे बोलले ते एखाद्या बाईनं बोलू नये असं होतं. तो ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "पिनेला तार मी बांधली. तांब्याची. शनिवारी दुपारी, नाना समोर उभे होते."

"आणि हे आत नाही सांगितलंस."

"शालन, मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्याकडून बांधून घेतली असती. मी म्हटलं, बांधतो. कारण मला ठाऊक होतं, तू ओढणार. ओढलीस की पिन निघणार नाही, आणि पिन निघाली नाही की तू कुणाच्या बापाचं ऐकणार नाहीस, त्या पोराला गाडीवरून खाली उतरवशील. साहेबांसमोर. नानांसमोर. मी तुझ्या भरवशावर बांधली."

मी हातातली दोरी पिशवीत टाकली.

"मी गाडीखालून बघत होतो," तो म्हणाला. "बेळगावच्यांची ओढलीस. भूपालची ओढलीस. आत मी तार सांगितली असती, तर पुढचा सवाल तोच आला असता. हिनं ओढून कशी नाही पाहिली?"

तो टोपी घालून परत आत गेला.

होय. मी ओढली नव्हती. सगळे हसले, कुणीतरी शिट्टी मारली, आणि मी आयुष्यात एकदाच माझा नेम सोडून उठले. इस्माईल गप्प राहिला तो स्वतःला वाचवायला की मला, हे मी पुष्कळदा उलटंसुलटं करून पाहिलं. दोन्ही असेल. मला त्याचा राग आला, आणि त्याचे उपकार झाले म्हणून अधिकच राग आला.

गेल्या वर्षी क्लबच्या जुन्या माणसांनी स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ. 'आमचे माजी स्वार' असा विभाग आहे आणि कोण पुढं काय झालं ते त्यात दिलं आहे. एक प्रत मलाही घरपोच आली, सप्रेम भेट म्हणून.

जयकुमार कोगनोळे याला दीड पान आहे. पुण्याच्या कंपनीत चार वर्षं, मद्रासला दोनदा दुसरा, मग गावी परत येऊन एजन्सी, मग नगरपालिका. हे लिहिलेलं नाही की तो परत आला तो वळणावर जायला घाबरायला लागला म्हणून. कंपनीनं त्याला कचेरीत बसवलं होतं. एकदा बाजारात तो माझ्यासमोर थांबला, उजवं मनगट डाव्या हातानं चोळत राहिला आणि निघून गेला. तो अजून आहे.

नाना एकोणनव्वद साली गेले. स्मरणिका त्यांना अर्पण केली आहे. फोटोत गळ्यात रुमाल आहे.

इस्माईल मुजावर याला चार ओळी. 'कुशल मेकॅनिक व हौशी स्वार.' त्या सभेनंतर त्यानं क्लबच्या गाडीला हात लावला नाही, सांगलीला गॅरेज काढलं. दादाच्या गुडघ्याला वाकावं लागणार नाही अशी सायकल त्यानं करून दिली, एका पायानं पायडल मारायची. ती द्यायला तो स्वतः आला नाही, माणसाबरोबर पाठवली. त्याच्या मयतीला मी गेले होते, बायकांत बसले.

नानांच्या वखारींच्या ताडपत्र्यांचं काम आप्पांच्या हातून गेलं. पण ट्रकवाले येत राहिले. मी लग्न केलं नाही. दुकान मी चाळीस वर्षं चालवलं.

भूपाल मगदूम, दोन ओळी. 'उमदा स्वार. सहायक महिलेच्या चुकीमुळे दोरी सुटून अपघात, त्यामुळे अकाली निवृत्त.' माझं नाव तेवढ्यापुरतंही छापलेलं नाही. ती गाठ मारलेली दोरी माझ्या शिवणयंत्राच्या खणात आहे. ज्यांनी हे छापलं त्यांनी यावं, नखं वाढवून यावं, आणि सोडवून दाखवावी.

दादा दोन हजार अकरा साली गेला. शेवटपर्यंत माझ्याशेजारी दुकानात बसून रिंगा ठोकायचा. त्या दिवसाबद्दल त्यानं मला कधी एक शब्द विचारला नाही, आणि त्याला काही माहीत नसणार असं मी धरून चालले. पण त्या सकाळी सुरुवातीच्या रेषेवर जयकुमारच्या शेजारची गाडी त्याची होती, हात-दीड हातावर. दरवर्षी मी राखी बांधली की तो हात मागं घ्यायचा नाही. तसाच पुढं धरून ठेवायचा आणि म्हणायचा, "ओढून बघ."

छत्तीस वर्षं मी ओढून पाहिली.